पाण्याचा दिवस

आईचं घर रिकामं करायला मी मे महिन्यात एकटीच सोलापूरला गेले. माझ्या मुलीला, राजनंदिनीला म्हणजे आमच्या राजूला, आजीच्या घरी यायचं होतं. मीच तिला पुण्यात ठेवून आले.

नवी पेठेमागच्या आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांआड येतं, तेही भर दुपारी. शाळेत क्लार्क होती माझी आई. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यातली ती नव्हेच. कॅलेंडरवर पाण्याच्या तारखांना निळ्या पेनाने गोल करायची. हंडे-कळशा भरून झाल्या की शेवटी दोन तांबे भरायची, एक माझा, एक राजूचा, आणि वर फुलपात्रं उपडी घालायची. आम्ही वर्षातून एकदा यायचो. तांबे मात्र दर पाण्याच्या दिवशी ताजे भरलेले असायचे.

फेब्रुवारीत अशाच एका दिवशी तिचा फोन आला. "इंदू, घसा सारखा कोरडा पडतोय गं. एकटीला करमत नाही. येतेस का?"

शनिवारी येते, म्हटलं मी. ती शुक्रवारीच गेली, त्या भरल्या हंड्यांच्या मधोमध. तोंडात दोन थेंब पाणी घालायला कुणी नव्हतं. माझं सगळं वरातीमागून घोडं. तेरावं झाल्यावर मी भांडी पालथी घातली, नळाची चावी बंद केली आणि कुलूप लावलं. किल्ली एकच, ती माझ्याकडे.

आता ते कुलूप काढत होते, तेवढ्यात शेजारच्या मायाक्का त्यांच्या दारात आल्या.

"आगं, तू भाईर कवा गेलीस? आत्ता तर आतनं हंड्याचा आवाज येत हुता की..."

तीन महिन्यांनी येतेय, असं मी सांगितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि आत जाऊन कडी घातली.

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. आत गारवा होता, ओल्या फरशीचा वास होता. सगळे हंडे सुलटे, काठोकाठ भरलेले. तोंडांना पांढरी फडकी आणि डावखुऱ्या आईची ती उलटी गाठ. कोपऱ्यात दोन तांबे. तुम्हाला खोटं वाटलं तर वाटू दे, पण मला भीती वाटली नाही. मला रडू आलं.

माझ्या तांब्यातलं फुलपात्रभर पाणी मी ती पडली होती तिथे ठेवलं.

"आई... पी गं. उशीर झाला मला."

नैवेद्य दाखवल्यावर फिरवतात तशी पाठ फिरवून उभी राहिले. मागे घोट घेतल्याचा आवाज आला. एक... दोन... मग बराच वेळ काहीच नाही. वळून पाहिलं तर फुलपात्र कोरडं होतं. सुटली बिचारी एकदाची, असं वाटून मला खूप हलकं वाटलं.

निघताना कॅलेंडरकडे लक्ष गेलं. मे महिन्याचं पान वर होतं. पाण्याच्या प्रत्येक तारखेला निळा गोल. आजच्या गोलाखाली आईचं अक्षर होतं, 'इंदू आली.' पुढच्या गोलाखाली लिहिलं होतं, 'राजू येणार. राहायला.'

मी ते पान फाडलं, काडी लावून जाळलं आणि मिळेल त्या गाडीने पुणं गाठलं. राजूला यातलं काहीही सांगायचं नाही, सोलापूरचं नावही काढायचं नाही, असं वाटेतच ठरवलं होतं.

दार तिनेच उघडलं. एका हातात रिकामा ग्लास होता, दुसरा हात गळ्यावर.

"आई, दुपारपासून घसा सारखा कोरडा पडतोय गं," ती म्हणाली. "कितीही पाणी प्यायलं तरी..."