वहिनीच्या नावाची गोळी

जगदाळ्यांच्या घरी स्थळ आलं की आधी आरोग्यपत्रिका जुळवत, मग जन्मपत्रिका. सरकारी नोंदीतली ही पत्रिका मोबाइलवर उघडायची, अंगठा टेकवून संमती द्यायची, की मुलामुलीचे सगळे आजार आणि औषधं समोरच्या घरासमोर हजर. संमती नाकारता येत असे, पण नाकारली की स्थळ गेलंच म्हणून समजायचं.

त्यामुळे शर्वरीने अंथरूण धरलं, आंघोळ सोडली आणि सकाळच नको वाटते असं म्हणाली, तेव्हा तिच्या आईने, मनीषाताईंनी, दोन गोष्टींची धास्ती घेतली. एक मुलीची, दुसरी मुलीच्या पत्रिकेची. दुसरी जरा मोठीच असावी. त्यांनी सुनेला, अन्विताला, बोलावून सांगितलं की शर्वरीला जे होतंय ते तुलाच होतंय असं सांगून तू स्वतःच्या नावावर औषध आण.

"तुझं लग्न झालंय. तुझी पत्रिका आता कोण बघायला बसलंय?"

फलटणच्या दवाखान्यात डॉ. तांबोळींनी अन्विताच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. त्यातल्या पेशींपासून काचेच्या बशीत साबुदाण्याएवढा मेंदूचा मणी वाढवायचा आणि त्यावर नैराश्याचं एकेक औषध तपासायचं, अशी ही नवी पद्धत होती. पूर्वी एक गोळी सहा आठवडे घ्यायची, नाही लागू पडली तर दुसरी, असं माणूस महिनोन्महिने चाचपडत राही. मणी पंधरा दिवसांत सांगे, या शरीराला ही गोळी. ज्याचं रक्त त्याचीच गोळी, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. अन्विताने घरी येऊन तसं सांगितलंही. मनीषाताईंचं म्हणणं, तापाची गोळी नाही का सगळ्या घराला चालत?

रक्त घेतल्यावर त्या दिवशी डॉक्टरांनी प्रश्नही विचारले होते. झोप लागते का? जेवण गोड लागतं का? आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं का? शर्वरीची उत्तरं अन्विता पाठ करून गेली होती. पहिल्या दोन प्रश्नांना तिने तीच दिली. तिसऱ्याला ती अडखळली आणि मग कितीतरी वेळ बोलत राहिली. लग्नाला चार वर्षं झाली होती, एवढ्या काळात तिला कुणी असं काही विचारलं नव्हतं. आजार 'तीव्र' असल्याची नोंद झाली. हिला नाटकात घालायला हवं होतं, असं मनीषाताईंनी कौतुकाने म्हटलं.

गोळ्या शर्वरीला सुरू झाल्या. तिसऱ्या आठवड्यात ती उठली. वेणी घातली, कपाट आवरलं, ठेवणीतले ड्रेस मैत्रिणींना देऊन टाकले. लग्नात नवेच घ्यायचेत, म्हणून मनीषाताई हरखल्या. पाहुण्यांना रविवारचं बोलावणं गेलं.

शुक्रवारी अन्विताची फेरतपासणी होती. नवरा आणि सासरे कारखान्यात कामावर गेले होते. सून ऐनवेळी काही बोलून बसेल म्हणून मनीषाताई तिच्याबरोबर आल्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या. आत डॉक्टरांनी पुन्हा थेंबभर रक्त घेतलं आणि त्या यंत्राकडे बघत राहिल्या.

"तुमच्या रक्तात औषधाचा मागमूस नाही. गोळ्या कोण घेतंय?"

दाराच्या काचेतून सासूबाई दिसत होत्या. खरं सांगितलं तर रविवारचं स्थळ मोडेल आणि त्यानंतर घरात आपलं काय होईल, हे अन्विताला पुरतं ठाऊक होतं. तरी ती बोलली.

"नणंद घेते. तिच्यासाठीच आले होते मी. पण डॉक्टर, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझं होतं."

डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला. दोघींवर उपचार होतील, तुमचं मी विसरणार नाही, असं त्या म्हणाल्या. पण आधी नणंदेचं विचारलं. अन्विताने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टरांचा चेहरा उतरला. योग्य गोळीनेसुद्धा कधीकधी हातपाय आधी चालू लागतात आणि मन मागे राहतं, त्यांनी समजावलं. म्हणून तर पहिले काही आठवडे पेशंटला फार जपायचं असतं. इथे तर गोळीच दुसरीची. शर्वरीला जपायला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण कागदावर ती आजारीच नव्हती.

"ती आत्ता कुठे आहे?"

"घरी," अन्विता म्हणाली आणि तिची नजर बाहेरच्या बाकाकडे गेली.

"तिच्यासोबत कोण आहे?"