ओल्या वाफ्यातली पावलं

आमच्या पाण्याच्या पाळीला पाटाचं तोंड फोडायचं काम यांचं, आणि वाफ्यांतून पाणी फिरवायचं माझं. होशियारपूरकडची माणसं आम्ही. सरकारनं चिनाबचा कालवा काढला, इथल्या उजाड रानात जमिनी वाटल्या, आणि आम्ही बैलगाडीत चूल घालून आलो. जमीन सोन्यासारखी, नाव ठेवायला जागा नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात तापानं आमचा निहाला गेला. अडीच वर्षांचा. तेव्हा गाव वसलं नव्हतं, शेतातच झोपडी होती. एवढ्या लहान लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. यांनी त्याला बांधाच्या कोपऱ्यात पुरलं. पुढं कालव्याच्या लोकांनी दोरी धरून पाट आखला, तो नेमका त्याच्यावरून. हे हातापाया पडले. सरळ रेघ वाकवता येत नाही, असं उत्तर मिळालं.

पहिलं पाणी फिरलं आणि ओल्या वाफ्यात पावलं दिसली. एवढीशी, माझ्या तळहातात मावतील अशी. हे म्हणाले, गुराख्याचं पोर असेल. असेल बाई. पण पावलं वाफ्याच्या मधोमध सुरू व्हायची आणि मधोमधच संपायची.

दर पाळीला दिसायची. वर्षागणिक वाढतही होती. मला आनंदच व्हायचा, खोटं कशाला बोलू? यांनी मात्र त्या वाफ्याकडे बघणं सोडलं.

हे रान आधी ज्यांच्या गुरांचं होतं, त्यांच्यातली म्हातारी साहिबां ताक मागायला यायची. तिला पावलं दाखवली.

"ओळखीच्या जागेभोवती फिरतोय," ती म्हणाली. "आमची माणसं नाही का येऊन तुमच्या बांधापाशी उभी राहत?"

"मग घरी का येत नाही?"

"घर बघितलंय का त्यानं?"

खरंच की. गावातलं घर तो गेल्यावर बांधलेलं. झालं, माझ्या डोक्यात तेच बसलं. तो पाण्यामागं येतो, तर पाणीच घरापर्यंत न्यायचं. पुढच्या पाळीला यांना बाजारात पाठवलं. गव्हानं तहानेनं माना टाकल्या होत्या, तो तसाच ठेवला आणि चर खणून सगळं पाणी आमच्या गल्लीत घेतलं. कळलं तर जमीन काढून घेतील, एवढा मोठा गुन्हा. घेऊ देत मेले.

दारात उभी राहिले. ऊन चांगलं वर आलं होतं.

गल्लीच्या टोकाला चिखलात एक पाऊल उमटलं. मग दुसरं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं.

साहेबानं पट्टी लावून आखलेलं गाव. सगळी घरं एकसारखी, दारंही एकसारखी. पावलं पहिल्या दाराशी थांबली, वळली. दुसऱ्या दाराशी थांबली.

माझ्यासमोर आली. जोडून उभी, बोटं माझ्याकडे.

"निहाल्या," मी म्हटलं. "मी आई रे."

बोटांखालचा चिखल खोल दबला. टाचा उचलून कुणी तोंड निरखावं तसा.

मग पावलं वळली.

त्यानं मला ओळखलं नाही हो.

शेजारी बिशनी राहते. विधवा, एकटी, मूलबाळ नाही. पावलं तिच्या उंबऱ्यावर चढली. परत आली नाहीत.

गहू वाळला. वाळू दे. आता पाळीला पाणी फिरतं आणि वाफे कोरेच राहतात. बिशनी माझ्या नजरेला नजर देत नाही. सकाळी भिंतीपलीकडून रोट्या थापल्याचा आवाज येतो, तो मी ऐकत बसते. दोघांपुरत्या थापते ती.