सातवी पणती

फोन आला तेव्हा जमादार पूनमसिंग राठोड दारव्ह्याच्या ठाण्यात आदल्या दिवशीचा पंचनामा पुरा करत बसला होता. त्या आठवड्यातला तो चौथा. २००६ सालचा डिसेंबर होता, कापूस घरोघरी येऊन पडला होता, भावाचा पत्ता नव्हता, आणि अशा पंचनाम्यांचा मजकूर पूनमसिंगच्या हाताला पाठ झाला होता. नाव आणि गाव तेवढं बदलायचं.

"बाबाराव मास्तर गेले," पलीकडून पोलीस पाटील म्हणाला. "शेतातल्या खोलीत. बाजूले औषधाचा डबा हाय."

औषध म्हणजे फवारणीचं विष. इकडं ते वेगळं सांगावं लागत नाही.

पूनमसिंगनं तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा खिडकीबाहेर थुंकला. बाबाराव मास्तरांनी त्याला आठवीत गणित शिकवलं होतं. म्हणजे मास्तरांनी शिकवलं होतं, ह्याचं शिकायचं राहून गेलं होतं. ठाणेदारसाहेब आणि निम्मे शिपाई अधिवेशनाच्या बंदोबस्ताला नागपूरला गेलेले. तेव्हा जाणं त्यालाच भाग होतं. त्यानं मोटरसायकल काढली.

खोली साधीच. खाट, स्टोव्ह, पुस्तकांची पेटी. मास्तर खाटेवर उताणे पडले होते, सदऱ्यावर विष सांडलेलं. भिंतीवर मात्र तसूभर जागा मोकळी नव्हती. खडूनं सगळीकडं गणितं लिहिलेली. एकीकडं तीनाचा वर्ग अधिक चाराचा वर्ग बरोबर पाचाचा वर्ग. दुसरीकडं e, i आणि π एका ओळीत येऊन शेवटी शून्य झालेले, आणि त्याखाली मास्तरांच्या अक्षरात, 'हे पाहिलं की पोट भरतं.' खाटेच्या डोक्याशी मोठ्या आकड्यांत लिहिलं होतं:

१ + २ + ४ + ८ + १६ + ३२ = ६४ − १

त्याच्या खाली एक फळी ठोकलेली होती. फळीवर एका ओळीत सात मातीच्या पणत्या. सातही उताण्या.

मास्तरांना पहिल्यांदा पाहिलं ते मैनाबाईनं. शेजारच्या तांड्यावरची, साठीची बाई, त्यांचा कापूस वेचायला रोज सकाळी यायची. ती उंबऱ्याशी बसली होती. पूनमसिंग तिला बंजारा बोलीत याडी, म्हणजे आई, म्हणे.

"याडी, किती वाजता आलतीस?"

"दिवस वर आला होता. आवाज देल्ला, बोलले नाई."

"काल कधी पाह्यलं होतं?"

"सांजच्याले, कापूस टाकून गेली तेव्हा. चांगले हासून राह्यलते. म्हणे, मैनाबाई, उद्या एकटीच राह्यणार."

"कोण एकटी?"

मैनाबाईनं फळीकडं हात केला, तिला हुंदका आला आणि पदर तोंडाशी गेला. म्हातारी दुःखानं भलतंच काही बोलते आहे असं पूनमसिंगला वाटलं, आणि त्यानं ते लिहून घेतलं नाही.

डॉक्टर म्हणाले, काल सांजेपासून आज सकाळपर्यंत कधीही. थंडीचे दिवस, याहून बारीक सांगता येत नाही. व्हिसेरा पाठवतो. व्हिसेराचा अहवाल यायला तीन-चार महिने लागतात हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून त्यावर कोणी बोललं नाही.

दुसरा जबाब पुतण्याचा, अश्वजितचा. त्याचं शेत लागूनच होतं, मध्ये फक्त बांध, म्हणजे धुरा.

"तुझं अन् त्याईचं भांडण होतं म्हणतात."

"होतं. मोठेबाबानं दोरी घेऊन धुऱ्याचा कोपरा मोजला. तीन हात, चार हात, पाच हात. म्हणे, तुझा धुरा दोन हात माझ्या वावरात आला. मी म्हटलं, दोरीवर कोणाचं वावर ठरत असते काय."

"मग?"

"मग काय. दोरी बरोबर होती. मांगच्या सोमवारी मी धुरा सरकवला."

"कालपासून कुठी होता?"

"इथंच. काल, आज, गावातच. कापसाच्या पराटीत पाणी देऊन राह्यलो." तो थांबला. "पण मोठेबाबा आज सकाळी तर जित्ते होते. पणत्या लावल्या नं त्याईनं. गावातले सारे तेच म्हणून राह्यले."

हे गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. मास्तर उठले की तोंड धुवायच्या आधी फळीवरच्या पणत्या फिरवायचे. काल सहा उताण्या होत्या, मैनाबाईनं पाहिल्या होत्या. आज सात. म्हणजे पहाटेपर्यंत मास्तर जिवंत होते आणि आज सकाळी त्यांनी डबा उघडला. सगळं जुळत होतं. पूनमसिंगला जुळलेली गोष्ट आवडायची, कारण ती लवकर संपते.

दुपारी आर्णीहून मुलगी आली. उर्वशी, तिथल्या दवाखान्यात नर्स. ती रडली नाही. बापाच्या पायाशी उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, मले एकच सांगा. त्यानं हार मानली काय?"

"कशाची?"

"खर्ऱ्याची."

मग तिनं सांगितलं. तिच्या आईच्या गालात तंबाखूनं गाठ झाली, ती त्यातच गेली, आणि बापानं तरीही खर्रा सोडला नाही. चार वर्षं तिनं त्याच्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, चौदा ऑक्टोबरला, त्यानं पंचशील घेतलं आणि फोन केला: आजचा पहिला दिवस. चौसष्टाव्या दिवशी ये, तुझ्या हातचा चहा पाज.

"चौसष्ट काहून? दोन महिने म्हणायचे, साठ म्हणायचे."

"त्याले चौसष्ट लय आवडे. आज चौसष्टावा. मी सकाळी निघाच्या तयारीत होती तं फोन आला." तिनं भिंतीकडं पाहिलं. "आज सकाळी औषध घेतलं असंन त्यानं, तं माह्या येण्याच्या भेवानं घेतलं. खर्रा खाल्ला असंन कालच. तोंड दाखवाची लाज वाटली असंन. असंच नं?"

तिचा प्रश्न पूनमसिंगला बोचला. एकोणीस पंचनामे झाले होते त्याच्या हातून या मोसमात, आणि असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. निदान त्याला ऐकू आला नव्हता. तो खोलीत परत गेला, पेटीवर बसला आणि भिंतीवरची ती ओळ वाचू लागला. एक अधिक दोन अधिक चार. मास्तर वर्गात म्हणायचे, बरोबरचं चिन्ह म्हणजे तराजू रे पूनम, एका पारड्यात उगाच काही टाकलंस तर दुसरं पारडं ओरडतं. त्यानं बोटांवर बेरीज केली. चुकली. पुन्हा केली. मग पणत्यांकडं पाहिलं आणि मैनाबाईला आत बोलावलं.

त्या दोघांचं बोलणं पाचच मिनिटं चाललं. बाहेर येऊन त्यानं खोलीला कुलूप लावलं आणि पोलीस पाटलाला विचारलं, मास्तरांचं गावात आणखी कोणाशी वाकडं होतं का.

वाकडं होतं ते कृषी केंद्रवाल्या रामरावशी. त्यानं विकलेलं कापसाचं बियाणं बोगस निघालं होतं. मास्तरांनी पाकिटातलं बी मोजून लावलं, शंभरातून किती उगवलं ते रोज वहीत लिहिलं, आणि येत्या सोमवारी यवतमाळला ग्राहक मंचापुढं ते वही आणि पाकिटं घेऊन उभे राहणार होते. वही खोलीत नव्हती, पाकिटंही नव्हती.

"पण रामरावभाऊ तं काल सांजच्या गाडीनं उमरखेडले गेले," पाटील म्हणाला. "साळ्याच्या पोरीचं लग्न. उद्या येतीन."

रविवारी सकाळी मास्तरांच्या अंगणात चौघंजण जमली: उर्वशी, अश्वजित, मैनाबाई आणि गाडीतून उतरून थेट आलेला रामराव, हातात लग्नाची पिशवी. पूनमसिंगनं गावातून सात दुसऱ्या पणत्या मागवल्या होत्या. त्यानं त्या ओट्यावर ओळीनं ठेवल्या. डावीकडची पालथी, बाकी सहा उताण्या.

"परवा, शुक्रवारी सकाळी मास्तरायच्या पणत्या अशा होत्या," तो म्हणाला. "आता एकेकानं शनिवारच्या लावा. बाकीच्यायनं पाठ फिरवा."

अश्वजित पुढं आला आणि पटापट सगळ्या फिरवल्या. डावीकडची एक उताणी, बाकी सहा पालथ्या. लहानपणी मोठेबाबानं हेच शिकवलं, असं तो पुटपुटला. पूनमसिंगनं पणत्या पूर्ववत केल्या. मैनाबाईनंही तेच केलं, अंमळ सावकाश.

"रामरावभाऊ."

"माहा काय संबंध याच्यात?"

"गणिताचा संबंध साऱ्यायशी असते. लावा."

रामराव वाकला. सहा उताण्या, एक पालथी. त्यानं जराही विचार न करता ती एक पालथी उताणी केली आणि हात झटकले. "घ्या. सात झाल्या."

"खोलीतबी अशाच हायत," पूनमसिंग म्हणाला आणि ओट्यावर बसला. त्याचे पाय दुखत होते. "याडी, यायले सांग."

मैनाबाईनं उजवीकडच्या पणतीवर बोट ठेवलं. "ही एकाची. ही दोनाची. ही चाराची. मंग आठ, सोळा, बत्तीस. ही शेवटची चौसष्टाची. उताणी असंन ते मोजाची, पालथी सोडून द्याची. मले लिहिता येत नाई, पण हे येते."

"शुक्रवारी सहा उताण्या," पूनमसिंग पुढं बोलू लागला. "साऱ्यायची बेरीज त्रेसष्ट. त्रेसष्टावा दिवस. शनिवारी चौसष्ट, म्हणजे साऱ्या पालथ्या अन् चौसष्टाची एकटी उताणी. त्याच्यासाठीच मास्तर हासून राह्यलते, उद्या एकटीच राह्यणार म्हणून. मीच ऐकलं नाई. आता खोलीतल्या सातही उताण्या. बेरीज एकशे सत्तावीस. चौदा ऑक्टोबरपासून एकशे सत्ताविसावा दिवस फेब्रुवारीत येते. मास्तर फेब्रुवारीत वारले असं त्या पणत्या म्हणून राह्यल्या. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस एवढं चुकत नसते."

अश्वजित ओट्यावरच्या पणत्या बोटानं मोजू लागला.

"म्हणजे शनिवारी पणत्यायले मास्तरायचा हात लागलाच नाई. शनिवार त्याईनं पाह्यलाच नाई. शुक्रवारी सांजच्यालेच ते गेलते, अन् पणती दुसऱ्यानं फिरवली. रोज एक वाढते, असं समजणाऱ्यानं. बरं, अर्ध्या गावाले तसंच वाटते. पण मास्तर शनिवारी जित्ते होते हे दाखवाची गरज कोणाले? अश्वजित दोन्ही दिवस इथं. त्याले शुक्रवार काय अन् शनिवार काय. शनिवार पाह्यजे होता फक्त शुक्रवारच्या गाडीनं गेलेल्याले. आत्महत्या पटली तं बरंच. नाई पटली तं आपण उमरखेडले."

"ह्या पणत्यांवर तुम्ही माणूस धरता काय?" रामराव म्हणाला.

"नाई. पिशवीवर धरतो. पाटील, उघडा ती."

पिशवीत आहेराचा सदरा होता, लाडवांचा पुडा होता, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वही आणि बियाण्याची पाकिटं. ती फेकायला त्याला दोन दिवसांत एकांत मिळाला नव्हता. वहीत पानोपान मास्तरांचं अक्षर: पेरले शंभर, उगवले एकतीस.

रामरावनं ओट्याला टेका दिला. आवाज अगदी साधा होता त्याचा. "मी वही मागाले गेलतो. हातपाय जोडले. म्हणे, रामराव, दोन्ही बाजू बरोबर व्हाले पाह्यजे. मी वही उचलली तं त्याईनं मले ढकलून ओढून घेतली. मंग मीबी त्याईले ढकललं. ओरडू नये म्हणून उशी धरली. धरूनच राह्यलो." तो थांबला. "डबा तिथंच होता. या साली डबा असला की कोणी काही विचारत नाई."

ते ऐकून पूनमसिंगची मान खाली गेली. कारण ते खरं होतं, आणि न विचारणाऱ्यांत पहिलं नाव त्याचंच होतं.

रामरावला गाडीत बसवल्यावर त्यानं खोलीचं कुलूप काढलं. उर्वशी फळीपुढं उभी राहिली. तिनं उजवीकडून एकेक पणती पालथी केली. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. शेवटची तशीच उताणी राहू दिली. मग स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवलं.

"हार नाई मानली बाई त्याईनं," पूनमसिंग म्हणाला.

"कागदावर लिहान काय तसं?"

पंचनाम्यात तसा रकाना नव्हता. पूनमसिंगनं तरी कागद मांडीवर घेतला, 'आत्महत्या' या शब्दावर रेघ मारली आणि खाली वेगळ्याच, शाळकरी अक्षरात लिहिलं: मयताने त्रेसष्ट दिवस पूर्ण केले होते. चौसष्टावा त्याच्या मुलीने लावला.

चहा झाला. तिनं दोन कप भरले. एक पूनमसिंगला दिला आणि एक फळीवर, सातव्या पणतीशेजारी ठेवला. पूनमसिंग सावकाश चहा प्यायला. ठाण्यात जाऊन कपाटातले एकोणीस कागद काढायचे आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायचे, हे त्यानं चहा पिता पिताच ठरवलं.