निकाल यायच्या आधी

"अहो, ही जीप जनावरांच्या दवाखान्याची आहे. उतरा बघू!"

पुढच्या सीटवर, मांडीवर लसींचा निळा डबा घेऊन तो बसला होता. केसांतून पावसाचं पाणी निथळत होतं, पण ऐट अशी की जणू स्वतःच्याच ओसरीवर बसलाय.

"कालपर्यंत होती," तो म्हणाला. "आता माणसं, जनावरं आणि रान, तिघांच्या तब्येतीचं एकत्र बघायचं असं सरकारचं नवं धोरण आलंय. तिन्ही खात्यांत मिळून ही एकच जीप. मी ओताव्हियो. माणसांना सुया टोचतो."

"मी लुसेलिया. जनावरांना टोचते. जास्त बोलणाऱ्या माणसांनाही टोचू शकते."

तो हसला. डाव्या गालाला खळी पडली... ती मला दिसलीच नाही असं दाखवण्याच्या नादात मी गिअर उगाच जोरात टाकला.

त्यानंतर मिनास प्रांतातल्या त्या डोंगरवाटांवर आम्ही रोज भांडलो. खिडकी उघडी ठेवायची की बंद, गाणी लावायची की नाही, आधी त्याची लस टोचायची पोरं की माझ्या गाई. भांडण नसलं की दिवस सुना जायचा, हे मात्र मी त्याला कळू दिलं नाही.

मग एका सकाळी गार्सा वस्तीवरून निरोप आला. सगळे ज्यांना मानाने 'सेउ' म्हणत, त्या अदेल्मारांच्या कॉफीच्या मळ्यात माकड मरून पडलं होतं.

आमच्या रानातली ती तांबडी, दाढीवाली माकडं. पहाटे ओरडली की अख्खी दरी घुमते. मी हातमोजे चढवून वाकले. हिरड्या पिवळ्याजर्द होत्या. पिवळा ताप! मी तपासणीसाठी नमुने घेतले आणि मान वर केली, तर समोर सेउ अदेल्मार बंदूक घेऊन उभे.

"उरलेली टोळी आज संपवतो. ताप हीच आणतात."

"ताप रानातले डास आणतात, सेउ अदेल्मार," मी त्यांच्या आणि झाडांच्या मधे जाऊन उभी राहिले. "माकडं आपल्याआधी मरतात, म्हणून आपल्याला वेळेवर कळतं. यांना मारलंत, तर पुढच्या खेपेला पहिली बातमी तुमच्याच घरातून येईल."

"बोलायला काय जातंय! तपासणीचा निकाल आलाय का?"

आला नव्हता. यायला आठवडा तरी लागणार होता.

ओताव्हियो माझ्याजवळ आला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"खात्री आहे?"

"माझा भाऊ इथे राहत असता, तर त्याला आत्ता, या क्षणी लस टोचून घ्यायला लावली असती."

"मग झालं तर."

तो सरळ अदेल्मारांच्या पडवीत गेला, डबा उघडला आणि लसीची पहिली बाटली फोडली. एका बाटलीत कितीतरी जणांची लस. एकदा फोडली की काही तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. लोक आले नसते, तर जाब त्यालाच द्यावा लागला असता. मला ते माहीत होतं... आणि मला ते माहीत आहे, हे त्यालाही.

माकड बघायला जमलेल्या लोकांतलं कुणी हलेना. तेवढ्यात घरातून अदेल्मारांची बायको, दोना ब्राझिलिना, पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली.

"ती बंदूक ठेवा आणि दंड उघडा," ती नवऱ्यावर कडाडली. "नाहीतर मी आधी टोचून घेते आणि गावभर सांगते, आमचे हे सुईला घाबरतात!"

गर्दी खो-खो हसली. अदेल्मारांनी डोळे गच्च मिटून दंड पुढे केला. ऊन उतरेपर्यंत सगळी वस्ती पडवीत येऊन गेली.

निकाल आला. पिवळा तापच होता. पलीकडच्या खोऱ्यात माणसं आजारी पडली, गार्सा वस्तीत एकही नाही.

तरी तालुक्याच्या सभेत आरोग्य खात्याच्या साहेबांनी ओताव्हियोला उभं केलंच. "निकालाआधी बाटल्या कुणाच्या हुकमाने फोडल्या?"

"डॉक्टर लुसेलियांच्या शब्दावर."

"आणि तो शब्द चुकला असता तर?"

"चुकला नसता, साहेब."

इतकं सहज म्हणाला तो! माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"एकमेकांचं ऐका असंच धोरण सांगतं ना, साहेब?" मी उठून म्हणाले. "यांनी ऐकलं." साहेबांनी खाकरून पुढचा विषय घेतला.

बाहेर भुरभुर पाऊस होता. चौकातल्या दुकानाच्या वळचणीला आम्ही पेरूची वडी आणि चीज खात उभे होतो.

"आत ते जे बोललात... ते खात्याचं उत्तर होतं की तुमचं?"

"खात्याला इतकं चांगलं उत्तर सुचतं का कधी?"

"मला तुम्ही आवडता," मी सांगून टाकलं.

त्याच्या हातातली वडी तशीच राहिली. "हे... हे मी सांगणार होतो."

"मग अडलं होतं कुठे?"

"तुझी भीती वाटते."

"काय म्हणालास?"

"भीती वाटते म्हणालो."

"त्याच्या आधी."

 खळी हळूहळू उमटली. "...तुझी."

त्यावर मी शब्दांनी उत्तर दिलंच नाही. समोरच्या बाकावर छत्री धरून बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा कुठे आम्ही एकमेकांपासून बाजूला झालो.