आसरांची पाठवणी

त्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला होता. चैत्राचं ऊन, समुद्र तेलासारखा गुळगुळीत, आणि नागावच्या आमच्या वाडीत एक झावळी हलत नव्हती. सुपारीला पाणी सोडून, पंप बंद करून मी विहिरीशी टेकलो होतो, तेवढ्यात अलिबागहून पूनम आली. पाण्यातल्या पऱ्यांवर, म्हणजे आमच्या साती आसरांवर, ती कॉलेजासाठी काही लिहीत होती. पोटुशी, सातवा लागलेला.

"एवढ्या उनात आलीस, पोरी? घरची ओरडली न्हाईत?"

"ओरडली ना! पण आजोबा, बाळ झाल्यावर मला कोण फिरू देणार?"

तिला आसरांचं गाणं हवं होतं. बाळंतीण पहिल्यांदा पाण्यावर जाते तेव्हा बाया ते विहिरीवर म्हणतात. पुरुषानं म्हणू नये. माझी बायको ठमी म्हणायची. ती गेली, आता गावात कुणाला येत नाही. वाटलं, ठमीचं गाणं माझ्याबरोबर जाऊ नये. डोळे मिटले, आणि माडांआडून वर्षानुवर्षं ऐकलेलं हळूहळू म्हटलं. पूनमनं फोन पुढं धरला होता.

एकेक आसरेला नावानं हाक मारायची, वर ये म्हणायचं. सातवी हाक झाली, आणि मी अडलो. विहिरीतून शेवाळाचा गार वास वर आला.

"संपलं, आजोबा?"

"न्हाय... बाया घराकडं परतताना आसरांना माघारी पाठवायचं गाणं म्हणतात. ते मी कधी ऐकलंच न्हाय. आम्ही पुरुष इथं वाडीतच असू."

तिनं फोन खाली घेतला. मग हलकेच म्हणाली, "जुन्या छापील कागदांतही नुसतं बोलावणं आहे... पाठवणी कुठंच नाही. लिहून घेणारे सगळे पुरुषच होते."

खाली पाणी डुचमळलं. कुणीतरी पायरी चढावं तसं.

"ऊठ, पोरी. पोटावर पदर घे... मागं बघू नको. घरी जा."

ती गेल्यावर मी विहिरीशी हात जोडून उभा राहिलो. "आयांनो, चूक माझी. त्या पोरीची नव्हं. तिला, तिच्या बाळाला सांभाळा." पाणी निवांत झालं. मलाही बरं वाटलं.

दिवेलागणीला शेजारची नीराबाई बाजारातून आली आणि कुंपणाशी थांबली.

"बुधाजीदादा, तुमची ती पोटुशी पाहुणी दिसली हो, एस्टीत चढताना. पण तिच्यामागं चढल्या त्या बाया कोण? सगळ्यांची लुगडी निथळत होती... एकीनं तर तिच्या पोटावर हात ठेवलेला. आनी पोर खिडकीबाहेर बघत होती, जशी एकटीच बसलीय..."