वाळूतली अरुंद चाकोरी

"वाळू लागली की आधी चाकांतली हवा कमी करायची. चाक मऊ झालं की पसरतं, पसरलं की वाळूवर तरतं. आणि डांबर लागायच्या आत हवा परत भरायची. मऊ चाकांनी डांबरावर धावतो तो गाढव. माझ्या क्लबात गाढवांना जागा नाही."

कप्तानाचा हा आवाज ताईच्या डोक्यात इतका पक्का बसला होता, की कोरड्या नदीच्या काठी गाडी थांबताच ती न सांगता खाली उतरली, चाकाशी उकिडवी बसली आणि हवा सोडू लागली. धाकटा गोट्या त्या फुसफुसणाऱ्या हवेसमोर तोंड धरून गार वारा खात होता.

शनिवार-रविवारच्या मुक्कामाला चार गाड्या आल्या होत्या. कप्तानाची, कापडदुकानदाराची, डॉक्टरीणबाईंची आणि बाबांची. वाळू असो की चिखल, चारही चाकं जोर लावतील अशा या गाड्या. क्लबाने सगळ्यांसाठी एकाच नक्षीचे टायर घेतले होते आणि प्रत्येक बॉनेटवर पितळी बिल्ला बसवला होता. बरोबरी तिथेच संपत होती. बाबांची गाडी सगळ्यांत जुनी. हवा भरायचा पंपसुद्धा त्यांच्याकडे नव्हता. तो कप्तानाकडे मागावा लागे, आणि चार शब्द ऐकवल्याशिवाय कप्तान तो देत नसे. आज उतरल्या उतरल्या त्याने बाबांना ही गाडी मोडीत घालून सायकलवर यायचा सल्ला दिला. दुकानदार पोट धरून हसला. बाबाही हसले, आणि ताईला तेच जास्त लागलं.

कप्तानाची मुलगी ताईच्याच वयाची. कपाळावरच्या बटांमुळे सगळे तिला झिपरी म्हणत. आमच्या खुर्च्यांना हात लावायचा नाही, हे तिचं ताईशी पहिलं आणि शेवटचं बोलणं.

नदीच्या वळणावर एका म्हातारीचं शेळ्यांचं आवार होतं, कमरेएवढ्या दगडी भिंतीचं. रस्त्याकडून नदीत उतरणारी जवळची वाट त्या भिंतीला घासूनच जात होती. म्हातारी कुत्र्याला घेऊन आली आणि तिने बजावलं, की नदीत काय हवा तो धुडगूस घाला, भिंतीजवळ गाडी आणू नका. कप्तानाने माशी वारावी तसा हात हलवला.

संध्याकाळी दोन गाड्या तळावरून गेल्या. बाबा पाणी आणायला झऱ्याकडे गेले. कप्तान झिपरीला घेऊन रस्त्यावरच्या दुकानातून बर्फ आणायला गेला आणि अंधार पडता पडता परतला. लांबच्या वाटेने आल्यामुळे उशीर झाला, म्हणाला. बर्फ बघून मोठ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी जाग आली ती कुत्र्याच्या भुंकण्याने. म्हातारी तळाच्या मधोमध काठी रोवून उभी होती.

"माझी भिंत कुणी पाडली?" तिने विचारलं. "शेळ्या रानोमाळ झाल्यात. एकीचा पाय मोडलाय. मोडणारा समोर आल्याशिवाय एकही गाडी इथून हलायची नाही."

कप्तान चहाचा कप खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "काल पाण्याला कोण गेलं होतं?"

सगळ्या माना बाबांकडे वळल्या. आपण झऱ्यावर गेलो आणि तसेच परत आलो, भिंत वाटेत लागतच नाही, असं बाबांनी सांगितलं. कप्तानाने ऐकून घेतलं नाही. जुन्या गाडीचे दिवे मिणमिणते, ब्रेक ढिले. माणसाला कळतही नाही कुठे धडकला ते, असं तो म्हणाला. दुकानदाराने री ओढली, की क्लबाच्या अब्रूचा प्रश्न आहे. झिपरी आपल्या बुटांकडे बघत होती.

"माफी मागा आणि तो बिल्ला काढून द्या," कप्तान म्हणाला. "आत्ता. सगळ्यांसमोर."

बाबांनी मुलांकडे एकदा पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर आणायला वळले.

"बाबा, तुम्ही पाडली नाही ना? मग का?" ताईचा आवाज चिरकला.

"पुरावा कुठाय, बाळा? भांडण वाढवून काय मिळणार?"

ताईने गोट्याचा हात धरला आणि ती भिंतीकडे धावत सुटली.

म्हातारी मागोमाग आलीच. तुमच्या जातकुळीचं एकही माणूस इथे नको, असं म्हणून तिने काठी आडवी धरली. ताई दम खात म्हणाली, "आजी, माझ्या बाबांवर आळ आलाय. मला फक्त जमीन बघू द्या. कशाला हात लावणार नाही." म्हातारीने काठी बाजूला केली, पण कुत्रा दोघांच्या पोटऱ्यांना नाक लावूनच चालला.

पडलेल्या दगडांपासून चाकोरी निघून नदीत उतरत होती. नक्षी तीच, चारही गाड्यांची. ताईचा चेहरा उतरला. गोट्या मात्र पालथा पडून वीत लावत होता.

"ताई, ही गाडी बारीक झाली होती का गं?"

"गाडी कशी बारीक होईल, ठोंब्या?"

"मग बघ ना. काल आपल्या चाकोरीत माझी वीत पुरत नव्हती. इथे उरतेय."

ताई गुडघ्यांवर बसली. खरंच, चाकोरी अरुंद होती आणि खोल. नक्षीच्या कडेचे ठोकळे उमटलेच नव्हते. एके ठिकाणी चाक आडवं घसरलं होतं, ते थेट भिंतीपर्यंत. हे चाक वाळूवर पसरलंच नव्हतं. ते कडक होतं.

परत जाताना ती धावली नाही. काय विचारायचं ते मनात जुळवत चालली. खोटं बोलणाऱ्याला देव लगेच शिक्षा करत नाही; आधी भरपूर बोलू देतो.

बाबांनी एक स्क्रू काढला होता. ताई कप्तानासमोर उभी राहिली आणि तिने अगदी वर्गात विचारावं तसं विचारलं, "काका, मऊ चाकांनी डांबरावर गेलं तर चालतं का?"

"एवढं शिकवून हाच प्रश्न?" कप्तान डॉक्टरीणबाईंकडे बघून हसला. "टायर तापतो, फाटतो. गाढवच जाईल तसा."

"मग काल बर्फाला जाताना तुम्ही हवा भरली होती?"

"अर्थात. नियम मीच केलाय."

"आणि परत आल्यावर सोडली?"

"तळ समोर दिसत असताना कोण सोडत बसतो? सकाळी सोडली."

"म्हणजे काल संध्याकाळी या नदीत कडक चाकांची गाडी एकच होती," ताई म्हणाली. "आमच्याकडे तर पंपच नाही. भिंतीपाशी या. तिथली चाकोरी अरुंद आहे."

कप्तानाचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. मग तो भडकला. पोरगी शेफारली आहे, बापाने शिकवून पाठवली आहे, वाळूवरच्या रेघोट्यांना काय अर्थ, असं बरंच बोलला. डॉक्टरीणबाई भिंतीपर्यंत जाऊन आल्या. वाकून त्यांनी बाबांच्या गाडीची चाकोरी पाहिली आणि म्हणाल्या, "पोरांचं बरोबर आहे."

"कुणी पाहिलंय मला?" कप्तान ओरडला.

"पप्पा," झिपरी म्हणाली, "मी गाडीतच होते."

एवढंच. कप्तान खुर्चीत बसला. दुकानदाराला एकदम आपला तंबू आवरायची आठवण झाली.

डॉक्टरीणबाईंनी शेळीच्या पायाला पट्ट्या बांधून आधार दिला. मोठ्या माणसांनी दगड वाहिले. कप्तानानेही. "डोळे कसे वापरायचे ते या दोघांकडून शिकायला हवं," बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, आणि गोट्याने आपली वीत सर्वांना दोनदोनदा दाखवली. बाबांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला. काढलेला स्क्रू कप्तानाने उचलून पुढे केला, तेव्हा बाबा म्हणाले, "राहू द्या," आणि उरलेला स्क्रूही त्यांनी स्वतःच काढला.

म्हातारीने मात्र कुणाचे आभार मानले नाहीत. तिने शेळ्या आत घेतल्या, पुन्हा पुन्हा मोजल्या. एक कोवळी शेळी, तांबडी पाठ, आली नव्हती. खुरांचे ठसे समोरच्या टेकाडाकडे जात होते.

"मी आणते तिला," झिपरी म्हणाली.

"तू?" म्हातारीने तिला खालपासून वर पाहिलं. "तुझ्या बापानेही काल हात हलवला होता."

"मी आणते, आजी."

म्हातारी तोंड फिरवून आत गेली.

तळावर चहा झाला. सगळे ताईभोवती जमून चाकोरीची गोष्ट पुन्हा ऐकत होते. ताईचं बोलणं मध्येच थांबलं. पलीकडे झिपरीने गाडीतून दोर आणि पाण्याची बाटली घेतली, दार आवाज न करता लोटलं, आणि वाळूत वाकून ठसे बघत ती टेकाडाकडे चालू लागली.