वीराची जागा

सात रस्ता चौकात रेवणसिद्धाचं जुन्या सामानाचं दुकान होतं. विलायतेला परत निघालेल्या साहेबांच्या बंगल्यातलं सामान तो लिलावात उचलायचा. "माणूस जातंय, वस्तू ऱ्हातीय, आन् वस्तूचं गिऱ्हाईक कुटंतरी बसलेलं असतंच," असं तो चहा पाजता पाजता सांगे.

चैत्रात मायाक्का धनगरीण होटगीच्या माळावरून घोंगड्यांचा सौदा ठरवायला आली आणि एका उघड्या पेटीपाशीच थबकली. आत कापसावर बोटाएवढे शिशाचे घोडेस्वार निजवले होते. निळे डगले, उपसलेल्या तलवारी.

"आप्पा, ह्यो वीर माझा."

"अगं, खेळणं हाय ते! शंभर वर्सांमागं फ्रान्समदी नेपोलियन बादशा होता, त्याचे स्वार; परमुलखात बर्फात गारठून मेले समदे. तुज्या पोराला, धुळ्याला, एवड्या मिशा होत्या का?"

"गोऱ्यांच्या रिसाल्यात गेल्यावर फुटल्या आसतील की." मग ती हळूच म्हणाली, "मोठ्या लढाईत फ्रान्समदीच पडला न्हवं माझा ल्योक."

लढाईत पडलेल्या माणसाचा, म्हणजे वीराचा, घोड्यावरचा टाक, धातूची छोटी मूर्त, देव्हाऱ्यात बसवला, की तो घरी येऊन विसावतो, असा तिच्या कुळाचा रिवाज. धुळ्याचा टाक तिनं इतकी वर्षं घडवलाच नव्हता. तो मेला हेच तिला कबूल नव्हतं. आज कबूल झालं होतं. त्यानं तो स्वार तिच्या ओंजळीत ठेवला.

वैशाखात घोंगड्या आणायला तो स्वतःच छकडा घेऊन गेला. दिवेलागण झाली होती. माळ अजून वाफा टाकत होता, पण झोपडीत पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला. आत गारठा होता. बाहेर मेंढरं एकमेकांना चिकटून मुकी उभी होती. देव्हाऱ्यात भंडाऱ्यानं माखलेला स्वार बसला होता.

"आला का गं धुळा?"

"आला... पर धुळा न्हाय, आप्पा."

"मग कोण?"

"कोण की. बोलतो त्ये कळत न्हाय. दारात घोडं थांबतं, आन् ह्यो नुसता थडथडा कापतो... ह्या उन्हाळ्यात. म्या धुळ्याचं घोंगडं दिलं त्याला."

"काढ त्याला, मायाक्का. मी माघारी न्हेतो. ह्यानं जागा अडवली, तर तुझा धुळा बसंल कुटं?"

तिनं समईची वात पुढं सारली.

"त्येच रोज इचारते मी मला... पर बसवलेला वीर उठवू कसा? त्यालाबी आई आसंल. माझ्या धुळ्याला तिकडं कुणीतरी घेतलं आसंल की घरात..."

बाहेर खूर वाजले. सावकाश, एकाच घोड्याचे. ती भाकरी घेऊन उठली.

"जावा आप्पा. मागं बघू नगा."

त्यानं बघितलं नाही. घोंगड्यांचा गठ्ठा दुकानात आणला, दोरी आवळून स्वारांच्या पेटीशेजारी ठेवला आणि कुलूप लावलं.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. पेटीची कडीही लागलेली होती. गठ्ठा मात्र सुटला होता. दुकानभर घोंगड्या पडल्या होत्या, कुणीतरी अंगाभोवती ओढून बसून नुकतंच उठल्यासारख्या. ओलसर, घोड्याच्या घामाच्या वासाच्या. आणि त्यांच्या काळ्या लोकरीवर, वैशाखाच्या उन्हात, काहीतरी पांढरं भुरभुरीत हळूहळू वितळत होतं.